विश्लेषण : इंग्रजी लिहिताना नेमके चुकते कुठे? मराठी माणसाच्या नेहमीच्या चुका आणि त्यांची कारणे

'द पेमेंट इज नाऊ डन' आणि 'द पेमेंट इज नॉट डन'. पहिल्या वाक्यात पैसे मिळाले, दुसऱ्यात मिळालेच नाहीत. लिहिताना फरक मात्र एकाच अक्षराचा, 'डब्ल्यू'ऐवजी 'टी'. दोन्ही शब्द इंग्रजीत असल्यामुळे मोबाइल त्याखाली लाल रेघही ओढत नाही. बँकेला ईमेल, सोसायटीला अर्ज, नोकरीसाठी बायोडेटा, ग्राहकाला व्हॉट्सॲप असे इंग्रजी लेखन आज रोज करावे लागते. त्यात होणाऱ्या चुका निष्काळजीपणाच्याच असतात असे नाही. बहुतेक चुकांमागे ठरावीक कारणे असतात. काही चुका इंग्रजीच्या इतिहासातून येतात, तर काही मराठीच्या सवयीतून. ही कारणे लक्षात आली की चूक हाताला लागते आणि पुन्हा पुन्हा होत नाही.

एका अक्षराने खरेच किती नुकसान होते?

ब्रिटनमधले एक प्रकरण यासाठी प्रसिद्ध आहे. २००९ मध्ये तेथील कंपनी नोंदणी कार्यालय 'कंपनीज हाऊस'ने एक कंपनी दिवाळखोरीत निघाल्याची नोंद केली. बंद पडलेली कंपनी होती 'टेलर अँड सन'. नोंद झाली ती 'टेलर अँड सन्स' या कार्डिफमधील जुन्या आणि व्यवस्थित चाललेल्या अभियांत्रिकी कंपनीच्या नावावर. शेवटी एक 'एस' जास्त लागला, एवढेच. चूक दुरुस्त होईपर्यंत बातमी पसरली होती. पुरवठादारांनी उधारी थांबवली, ग्राहक दूर गेले आणि शतकाहून अधिक जुनी कंपनी बुडाली. २०१५ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने या नुकसानीला नोंदणी कार्यालय जबाबदार असल्याचा निर्णय दिला. दावा होता सुमारे ९० लाख पौंडांचा.

दुसरे प्रकरण अमेरिकेतल्या मेन राज्यातील ओकहर्स्ट डेअरीचे. ओव्हरटाइमचा जादा मोबदला कोणत्या कामांना मिळणार नाही, याची यादी तेथील कायद्यात होती. यादीच्या शेवटी 'पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी पॅकिंग' अशा अर्थाचे शब्द होते आणि त्यात 'किंवा'च्या आधी स्वल्पविराम नव्हता. ट्रकचालकांचे म्हणणे असे की, ही दोन कामे नसून 'पॅकिंग' हे एकच काम आहे. चालक पॅकिंग करत नाहीत, फक्त वितरण करतात, त्यामुळे त्यांना ओव्हरटाइम मिळायला हवा. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने वाक्य संदिग्ध असल्याचे मान्य करून चालकांच्या बाजूने कौल दिला. पुढच्या वर्षी डेअरीने ५० लाख डॉलर देऊन तडजोड केली. नंतर कायद्यातली विरामचिन्हेही बदलण्यात आली.

आपल्या रोजच्या ईमेलवर एवढे काही अवलंबून नसते, हे खरे. पण मुलाखतीचे बोलावणे, कर्जाचा अर्ज किंवा परदेशी विद्यापीठाचा प्रवेश यांत समोरच्याने आपल्याला पाहिलेले नसते. त्याच्यापुढे फक्त आपले लेखन असते.

इंग्रजीत उच्चाराप्रमाणे स्पेलिंग का नसते?

मराठीत बहुतेक वेळा जसे बोलतो तसे लिहितो. इंग्रजीतही एके काळी बरेचसे असेच होते. 'नाइट' म्हणजे सरदार या शब्दात सुरुवातीचा 'के' आणि मधला 'जी-एच' पूर्वी उच्चारला जाई. 'नेम' या शब्दाचा जुना उच्चार आपल्या 'नाम'च्या जवळचा होता. साधारण पंधराव्या ते अठराव्या शतकादरम्यान इंग्रजीतल्या दीर्घ स्वरांचे उच्चार मोठ्या प्रमाणावर बदलले. पण १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना सुरू केला होता आणि छापील स्पेलिंग हळूहळू पक्के होत गेले होते. बोलणे पुढे गेले, लिहिणे मागे राहिले.

त्यात विद्वानांनी भर घातली. 'डेट' म्हणजे कर्ज हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात 'बी' नव्हता. मूळ लॅटिन शब्दात 'बी' आहे म्हणून तो मागाहून घुसवला गेला. 'आयलंड'मधला 'एस' तर गैरसमजातून आला. शब्द मूळ इंग्रजी असूनही तो लॅटिनमधून आला असावा, असे समजून 'एस' जोडला गेला आणि तो कायमचा राहिला.

पुढे १७५५ मध्ये सॅम्युअल जॉन्सनचा शब्दकोश आला आणि ब्रिटिश वळण स्थिरावले. अमेरिकेत नोआ वेब्स्टरने १८२८ च्या शब्दकोशात 'कलर'मधला 'यू' काढला आणि 'सेंटर'च्या शेवटी 'ई-आर' ठेवले. भारतात शाळा, न्यायालये आणि सरकारी कामकाज ब्रिटिश वळणाने चालते. मोबाइलचा कीबोर्ड मात्र अनेकदा अमेरिकन इंग्रजीवर असतो. त्यामुळे 'यू' घालून लिहिलेल्या 'कलर'खाली लाल रेघ येते आणि बरोबर लिहिणारा माणूस गोंधळतो. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भाषा 'इंग्लिश (इंडिया)' किंवा 'इंग्लिश (यूके)' केली की हा प्रश्न सुटतो. दोन्ही वळणे बरोबरच आहेत, फक्त एकाच अर्जात दोन्हींची सरमिसळ नको.

कोणती स्पेलिंग हमखास चुकतात?

उच्चारात जिथे स्वर पुसट होतो किंवा अक्षर दुप्पट असते, तिथे चूक ठरलेली. काही शब्द एकदा नीट पाहून ठेवण्यासारखे आहेत.

'सेपरेट'मध्ये 'पी'नंतर 'ए' आहे, 'ई' नाही. मराठीत आपण 'प' लिहितो, 'पे' नाही, एवढे आठवले तरी पुरे. 'अकॉमोडेशन'मध्ये 'सी' दोन आणि 'एम'ही दोन. 'ऑकर्ड' म्हणजे घडले, यात 'सी' दोन आणि 'आर'ही दोन. 'ग्रामर'च्या शेवटी 'ए-आर' येते, 'ई-आर' नाही. 'कॅलेंडर'चेही तसेच. 'डेफिनेटली'मध्ये 'ए' कुठेच नाही. त्याच्या पोटात 'फायनाइट' हा शब्द आहे, तो जसाच्या तसा लिहून पुढे 'एल-वाय' जोडायचे.

सोसायटीच्या नोटिशीत सर्वाधिक चुकणारा शब्द म्हणजे 'मेंटेनन्स'. 'मेंटेन' या क्रियापदाच्या शेवटी 'ए-आय-एन' आहे, म्हणून नामातही तेच लिहिले जाते. प्रत्यक्षात नामात 'टी'नंतर 'ई-एन-ए-एन-सी-ई' येते. 'प्रोनाउन्स'चे 'प्रोनन्सिएशन' होतानाही असेच मधला 'ओ' गळतो. उच्चार बदलतो तसे स्पेलिंगही बदलते.

लाल रेघ न येणाऱ्या चुका कोणत्या?

सर्वात धोकादायक चुका याच. कारण चुकून लिहिलेला शब्दही शब्दकोशात असतो.

'मॅनेजर' लिहिताना 'एन'नंतरचा 'ए' राहिला तर जो शब्द तयार होतो, त्याचा अर्थ जनावरांना वैरण घालायची गव्हाण. नोकरीच्या अर्जाची सुरुवात 'प्रिय गव्हाण' अशी झाली तरी मोबाइलची काही तक्रार नसते. 'कस्टमर'मध्ये 'यू' आणि 'ओ' यांची जागा बदलली की ग्राहकाचा कपडेपट पुरवणारा होतो. 'डेअरी' आणि 'डायरी' यांत फक्त 'ए' आणि 'आय' यांची अदलाबदल आहे. 'फ्रॉम' आणि 'फॉर्म' यांतही तीच चार अक्षरे आहेत.

अर्थ उलटा करणारी जोडी म्हणजे 'ॲक्सेप्ट' आणि 'एक्सेप्ट'. 'ए'ने सुरू होणाऱ्या शब्दाचा अर्थ स्वीकारणे, 'ई'ने सुरू होणाऱ्याचा वगळणे. कंपनीची ऑफर 'ई'ने स्वीकारणारा उमेदवार प्रत्यक्षात ती वगळत असतो.

'लूज'ची चूक तर आपल्याकडे घरातूनच येते. एक 'ओ' असलेला शब्द म्हणजे गमावणे किंवा हरणे, त्याच्या शेवटी 'झ'चा उच्चार होतो. दोन 'ओ' असलेला शब्द म्हणजे सैल, त्याच्या शेवटी 'स' ऐकू येतो. पण मराठीत 'लूज मोशन', 'लूज पँट' असे म्हणायची सवय आहे. दोन्ही शब्द एकच वाटू लागतात आणि 'सामना हरू' लिहिताना दोन 'ओ' पडतात. लक्षात ठेवायचे ते एवढेच, की सैल कपड्यात जागा जास्त, म्हणून 'ओ'ही जास्त.

'स्टेशनरी'च्या दुकानांच्या पाट्यांवरही ही गफलत दिसते. वह्या-पेनांच्या 'स्टेशनरी'त शेवटी 'ई-आर-वाय' येते, 'पेपर'मधल्या 'ई-आर'सारखे. 'ए-आर-वाय' लिहिले तर अर्थ होतो एका जागी उभे असलेले.

'प्रिन्सिपल'चेही दोन शब्द आहेत. शेवटी 'पी-ए-एल' असेल तर प्राचार्य किंवा कर्जाची मुद्दल. 'पी-एल-ई' असेल तर तत्त्व. बँकेला मुद्दल फेडण्याविषयी लिहिताना 'पी-एल-ई' लिहिले, तर तत्त्वे परत केल्यासारखे होते.

'ॲडव्हाइस' आणि 'ॲडव्हाइझ' यांत कान उपयोगी पडतो. 'स' ऐकू आला तर 'सी' आणि अर्थ सल्ला. 'झ' ऐकू आला तर 'एस' आणि अर्थ सल्ला देणे. ब्रिटिश वळणात 'प्रॅक्टिस' आणि 'लायसन्स' या शब्दांनाही हाच नियम लागतो. तिथे उच्चारात फरक नसतो, पण नामाला 'सी' आणि क्रियापदाला 'एस' येते.

मराठीतून येणाऱ्या चुका कशा ओळखायच्या?

स्पेलिंगच्या चुका जगभर सारख्याच असतात. व्याकरणाच्या चुकांत मात्र लिहिणाऱ्याची मातृभाषा दिसते. मराठी वाक्य मनात तयार होते आणि त्याच साच्यात इंग्रजी शब्द बसवले जातात.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे 'सिन्स' आणि 'फॉर'. मराठीत '२०२२ पासून' आणि 'दोन वर्षांपासून' या दोन्हींना 'पासून' हा एकच शब्द चालतो. म्हणून बायोडेटात 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स' असे वाक्य येते. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर 'सिन्स', आणि किती काळ ते मोजून सांगायचे असेल तर 'फॉर'. त्यात आणखी एक गोम आहे. मराठीत 'करतो आहे' हा वर्तमानकाळ पुरतो, इंग्रजीत तिथे 'हॅव बिन' लागते. बरोबर वाक्य होते 'आय हॅव बिन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स'.

'आय डिडन्ट वेन्ट' ही चूकही अशीच. 'मी गेलो नाही' यात 'गेलो' हे भूतकाळाचे रूप तसेच राहते आणि 'नाही' वेगळे जोडले जाते. इंग्रजीत भूतकाळ 'डिड'ने उचललेला असतो, त्यामुळे मूळ क्रियापद साधेच राहते : 'आय डिडन्ट गो'. भूतकाळ एकाच शब्दावर चढवायचा, दोन्हींवर नाही.

मराठीतले विभक्ती प्रत्यय इंग्रजी वाक्यात जादा शब्द घुसवतात. 'विषयावर चर्चा' म्हणून 'डिस्कस ऑन' किंवा 'डिस्कस अबाउट' होते, 'मुद्द्यावर भर' म्हणून 'एम्फसाइझ ऑन' होते, 'तिच्याशी लग्न' म्हणून 'मॅरिड विथ' होते, 'मला समजावून सांगा' म्हणून 'एक्सप्लेन मी' होते. बरोबर रूपे अशी : 'डिस्कस द इश्यू', 'एम्फसाइझ द पॉइंट', 'मॅरिड टू', 'एक्सप्लेन इट टू मी'. गंमत अशी की, नाम असेल तर 'डिस्कशन ऑन' आणि 'रिक्वेस्ट फॉर' चालते. क्रियापद असेल तर चालत नाही. 'वी रिक्वेस्ट फॉर युवर हेल्प' चूक, 'वी रिक्वेस्ट युवर हेल्प' बरोबर.

'मला समजतंय' यातल्या सततच्या भावनेमुळे 'आय ॲम अंडरस्टँडिंग' लिहिले जाते. तसेच 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स'. जाणणे, समजणे, मालकी असणे या स्थिती आहेत, चालू असलेली कृती नाही. अशा क्रियापदांना इंग्रजीत साधारणपणे 'आय-एन-जी' लागत नाही. 'आय अंडरस्टँड' आणि 'आय हॅव टू ब्रदर्स' एवढेच पुरे.

प्रश्नातल्या प्रश्नातही घोळ होतो. 'अर्ज कुठे आहे ते सांगा' यात मराठी शब्दक्रम बदलत नाही. इंग्रजीत थेट प्रश्न 'व्हेअर इज द फॉर्म' असा असतो, पण तोच मोठ्या वाक्याच्या पोटात गेला की क्रम उलटतो : 'प्लीज टेल मी व्हेअर द फॉर्म इज'. कार्यालयीन ईमेलमध्ये ही चूक जवळपास रोज दिसते.

'अ', 'ॲन' आणि 'द' यांचे काय करायचे?

मराठीत उपपदे नसल्यामुळे ती गळतात, हे स्वाभाविक आहे. 'मी शिक्षक आहे' याचे 'आय ॲम टीचर' होते. मराठीत 'एक' आणि 'तो-ती-ते' हेच काम काही प्रमाणात करतात. 'काल एक अर्ज आला. तो अर्ज अपुरा होता.' पहिल्या वाक्यातला 'एक' म्हणजे 'ॲन', दुसऱ्यातला 'तो' म्हणजे 'द'. वाचकाला वस्तू पहिल्यांदा कळत असेल तर 'अ' किंवा 'ॲन', कोणती ते आधीच ठाऊक असेल तर 'द', एवढ्या नियमाने बरीच वाक्ये सुटतात.

'अ' की 'ॲन' हे ठरवताना देवनागरीइतकी सोपी कसोटी दुसरी नाही. शाळेत ए-ई-आय-ओ-यू हे पाच स्वर पाठ करून घेतले जातात आणि तिथेच फसगत होते, कारण नियम अक्षराचा नसून उच्चाराचा आहे. पुढचा शब्द मनातल्या मनात देवनागरीत लिहावा. तो अ, आ, इ, उ, ए, ऑ अशा स्वराने सुरू झाला तर 'ॲन'. य, व, ह किंवा दुसऱ्या व्यंजनाने सुरू झाला तर 'अ'.

'युनिव्हर्सिटी' 'य'ने सुरू होते, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. 'वन रुपी कॉइन' 'व'ने सुरू होते, म्हणून 'अ वन रुपी कॉइन'. 'अवर' म्हणजे तास, इंग्रजीत सुरुवातीला 'एच' असला तरी देवनागरीत 'अ' येतो, म्हणून 'ॲन अवर'. 'ॲन एमबीए', 'ॲन एफआयआर', 'ॲन एचआर मॅनेजर' आणि 'ॲन एसटी बस' हेही त्याच कसोटीवर बरोबर.

मराठीचा कान आणखी कुठे मदत करतो?

मातृभाषा फक्त चुका करवते असे नाही. अनेक ठिकाणी मराठी बरोबर असते आणि इंग्रजी लिहिताना आपण तिचे ऐकत नाही.

'वन ऑफ माय फ्रेंड' ही फार मोठी रूढ चूक. मराठीत कोणीही 'माझ्या मित्रापैकी एक' म्हणत नाही, 'मित्रांपैकी' असेच म्हणतो. मग इंग्रजीतही अनेकवचन हवे : 'वन ऑफ माय फ्रेंड्स'. 'माहिती'चे अनेकवचन आपण करत नाही, तसे 'इन्फर्मेशन'चेही होत नाही. 'सामाने' म्हणत नाही, तसे 'लगेज'ला 'एस' लागत नाही.

अर्थात ही सोबत सगळीकडे पुरत नाही. 'सल्ले' चालते, पण 'ॲडव्हाइसेस' नाही. 'बातम्या आहेत' बरोबर, पण इंग्रजीत 'न्यूज इज'. 'केस गळतात' बरोबर, पण डोक्यावरचे सगळे केस मिळून 'हेअर' एकवचनीच. 'माय हेअर इज फॉलिंग' म्हणायचे, 'हेअर्स' नाही.

स्पेलिंगमध्येही मराठी सोबत करते. आपण 'फेब्रुवारी' म्हणतो, म्हणून 'बी'नंतरचा 'आर' विसरायचे कारण नाही. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांचा गोंधळ मराठी लेखनाने बराच मिटतो. 'वर्क', 'वॉच', 'वॉटर' असे साधा 'व' लिहितो तिथे 'डब्ल्यू'. 'व्हेरी', 'व्हॅन', 'व्हिडिओ' असा 'व्ह' लिहितो तिथे 'व्ही'. अपवाद 'व्हाइट' आणि 'व्हील'सारख्या शब्दांचा, तिथे 'डब्ल्यू-एच' येते.

अपॉस्ट्रॉफी कुठे द्यायची?

अक्षराच्या वर येणारे हे स्वल्पविरामासारखे चिन्ह दोन कामे करते. एक, मालकी दाखवणे. दोन, गाळलेले अक्षर दाखवणे. अनेकवचन करणे हे त्याचे काम नाही. म्हणून दुकानाच्या पाटीवर 'मोबाइल्स', 'केक्स' लिहिताना 'एस'आधी हे चिन्ह नको.

सर्वाधिक चूक 'इट्स'मध्ये होते. चिन्ह असेल तर तो शब्द 'इट इज' किंवा 'इट हॅज' आहे. चिन्ह नसेल तर अर्थ 'त्याचे'. शंका आली की वाक्यात 'इट इज' घालून वाचावे. 'द कंपनी अँड इट इज एम्प्लॉईज' हे कानाला खटकते, म्हणजे तिथे चिन्ह नको. 'युवर' आणि 'यू आर'च्या आखूड रूपालाही हीच परीक्षा.

भारतीय इंग्रजी म्हणजे चुकीची इंग्रजी का?

नाही. 'प्रीपोन' हा शब्द भारतीय इंग्रजीतला म्हणून ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही नोंदलेला आहे. 'लाख' आणि 'कोटी' इंग्रजी वृत्तपत्रांतही सर्रास छापले जातात. देशातल्या वाचकासाठी लिहिताना असे शब्द टाळायचे कारण नाही.

प्रश्न येतो तो वाचक परदेशातला असेल तेव्हा. 'आय पास्ड आउट इन २०२३' याचा अर्थ आपल्याकडे पदवी मिळाली. इतरत्र अनेकांना तो 'मी बेशुद्ध पडलो' असा वाटेल. तिथे 'ग्रॅज्युएटेड' लिहिणे सुरक्षित. 'आय विल रिव्हर्ट' म्हणजे आपल्याकडे उत्तर देईन, मूळ अर्थ पूर्वस्थितीला जाणे. तिथे 'रिप्लाय' पुरेसा आहे. 'रिव्हर्ट बॅक' आणि 'रिटर्न बॅक' मात्र कुठेच नको, कारण 'परत' हा अर्थ पहिल्याच शब्दात आहे. स्वतःची ओळख 'मायसेल्फ' आणि पुढे नाव अशी करून देणेही टाळावे. 'आय ॲम' किंवा 'माय नेम इज' एवढे पुरते.

नावाच्या स्पेलिंगचा घोळ वेगळा का?

इथे चूक व्याकरणाची नसते, तरी त्रास सर्वात जास्त होतो. मराठी नावाचे 'बरोबर' इंग्रजी स्पेलिंग असे काही ठरलेले नाही. 'दीपक'मध्ये 'ई' दोन की 'आय' एक, 'चौधरी'त 'ए-यू' की 'ओ-यू', 'लक्ष्मी'त 'एक्स' की 'के-एस-एच', सगळेच चालते. ज्याने पहिला दाखला लिहिला, त्याच्या हाताचे वळण आयुष्यभर सोबत येते.

अडचण होते ती दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरे आणि पॅनवर तिसरे स्पेलिंग असेल तेव्हा. पासपोर्ट, बँक खाते, भविष्य निर्वाह निधी, विमा अशा प्रत्येक ठिकाणी मग प्रतिज्ञापत्रे द्यावी लागतात. म्हणून एक स्पेलिंग पक्के करून सर्वत्र तेच ठेवणे महत्त्वाचे. मूल शाळेत असतानाच दाखल्यावरचे नाव तपासले, तर दुरुस्ती शाळेमार्फत तुलनेने सोपी जाते. नाव मुळातच बदलायचे असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात ते प्रसिद्ध करून घेता येते.

पाठवण्यापूर्वी काय तपासावे?

सगळे नियम पाठ करण्याची गरज नाही. महत्त्वाचा ईमेल किंवा अर्ज लिहून झाला की पुढच्या गोष्टी पाहिल्या तरी बहुतेक चुका सापडतात.

पहिली, नावे, तारखा आणि रकमा. व्यक्तीचे आणि संस्थेचे नाव त्यांनी स्वतः लिहिले आहे तसेच आहे ना? दुसरी, 'नॉट' आणि 'नाऊ', 'ॲक्सेप्ट' आणि 'एक्सेप्ट' यांसारखे अर्थ उलटवणारे शब्द. तिसरी, 'डिड'नंतरचे क्रियापद साधे आहे का? चौथी, 'सिन्स'नंतर क्षण आहे की कालावधी? पाचवी, 'वन ऑफ'नंतर अनेकवचन आहे का? सहावी, 'इट्स'च्या जागी 'इट इज' बसते का?

वाचताना ओठ हलवून, शक्यतो मोठ्याने वाचावे. डोळा चुकीचा शब्द बरोबर समजून पुढे सरकतो, कान अडखळतो. मोबाइलमधले दुरुस्तीचे पर्याय वापरायला हरकत नाही, पण सुचवलेला शब्द न वाचता स्वीकारू नये. लिहिणाऱ्याला काय म्हणायचे आहे हे यंत्र फक्त अंदाजाने ठरवते. पैसे मिळाले की मिळाले नाहीत, हे त्याला माहीत नसते.

लहानसहान चूक राहिली म्हणून लाजायचेही कारण नाही. व्हॉट्सॲपवर मित्राला लिहिताना 'अ' गळला, तर बिघडत काही नाही. जिथे पैसा, नोकरी, करार किंवा ओळखपत्र गुंतलेले आहे, तिथे मात्र 'सेंड'चे बटण दाबण्याआधी दोन मिनिटे द्यावीत.